८६,१७४ प्रेक्षक आणि त्यामागची खटपट

८ मार्च २०२० रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ८६,१७४ माणसे महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा भारत-ऑस्ट्रेलिया अंतिम सामना पाहायला आली. त्या विश्वचषकावरचा ‘बियाँड द बाउंड्री’ हा माहितीपट त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर आला. तो खुद्द स्पर्धा भरवणाऱ्या आयसीसीचाच. घरचे कार्य आणि घरचाच फोटोग्राफर, तेव्हा फोटो छान येणारच! तरीही तो बघावा. मात्र बघताना एक प्रश्न हाताशी ठेवावा: एवढी माणसे आली कशी?

ती आपसूक आली नाहीत. २००९ ते २०१६ या काळात महिलांचा टी-ट्वेंटी विश्वचषक पुरुषांच्या स्पर्धेला जोडून होत असे. २००९ साली लॉर्ड्सवर महिलांची अंतिम लढत पुरुषांच्या अंतिम लढतीआधी, त्याच दिवशी झाली. प्रेक्षक यायचे संध्याकाळसाठी. दुपारच्या सामन्याला खुर्च्या भरत भरत जायच्या. ऑस्ट्रेलियाने २०२०ची स्पर्धा स्वतंत्र घेतली, अंतिम सामन्यासाठी महिला दिन धरला, देशातले सर्वांत मोठे मैदान घेतले आणि केटी पेरीला गायला बोलावले. उद्दिष्टही उघड होते. १९९९ साली कॅलिफोर्नियात महिला फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ९०,१८५ प्रेक्षक होते. तो विक्रम मोडायचा. ४,०११ माणसे कमी पडली. पण उद्दिष्ट मोठे होते म्हणूनच तिथपर्यंत मजल गेली.

सामना मात्र एकतर्फी झाला, आणि भारतीय प्रेक्षकाला तो आजही बोचतो. सलामीच्या लढतीत पूनम यादवच्या फिरकीने याच ऑस्ट्रेलियाला नाचवले होते: १९ धावांत ४ बळी. अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात कव्हरला अलिसा हीलीचा झेल उडाला आणि शफाली वर्माच्या हातून सुटला. हीली तेव्हा ९ धावांवर होती. पुढे तिने ३९ चेंडूंत ७५ धावा चोपल्या, बेथ मूनी ७८ वर नाबाद राहिली, धावफलकावर १८४ लागले. भारत ९९ वर आटोपला. शफाली अवघी सोळा वर्षांची होती. एवढ्या गर्दीपुढे खेळण्याची सवय तिला कुठून असणार? आपल्याकडे महिलांचे बहुतेक सामने रिकाम्या गॅलऱ्यांपुढे होत आले होते.

याच स्पर्धेत थायलंड पहिल्यांदा विश्वचषक खेळला. एकही सामना न जिंकता त्या मुलींनी प्रेक्षकांना आपलेसे केले, तेही सामन्यानंतर हात जोडून, हसत.

अशा माहितीपटांतून निसटतात ती आधीची पन्नास वर्षे. महिलांचा पहिला विश्वचषक १९७३ साली इंग्लंडमध्ये झाला, पुरुषांच्या दोन वर्षे आधी! इंग्लंडच्या कर्णधार रेचल हेहो फ्लिंट यांनी उद्योगपती जॅक हेवर्ड यांना गळ घातली आणि त्यांनी ४०,००० पौंड दिले. त्याच वर्षी आपल्या पुण्यात मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ घेऊन महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. माजी कर्णधार डायना एडलजींच्या पिढीने रेल्वेच्या अनारक्षित डब्यांतून प्रवास केला. पोटापाण्याची सोयही पुढे रेल्वेनेच लावली. मिताली राज रेल्वेत होती आणि हरमनप्रीत कौरही. २००५ साली भारताने विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली, तेव्हा सामन्यामागे हजार रुपये मिळाल्याचे मितालीने सांगितले आहे. बीसीसीआयने महिला क्रिकेटचा कारभार हाती घेतला तो त्यानंतरच्या वर्षी.

पैसा आला आणि खेळ बदलला, हे बोलायला संकोच कशाला? २०२२ मध्ये सामन्याचे मानधन पुरुषांइतके झाले: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. पुढच्या वर्षी महिला प्रीमियर लीग सुरू झाली आणि लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. गर्दीपुढे, दडपणाखाली खेळण्याचा सराव आता दरवर्षी मिळू लागला.

२ नोव्हेंबर २०२५. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम. महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना. उपांत्य फेरीत वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांनी ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे आव्हान पार झाले होते. अंतिम सामन्यात शफाली पुन्हा सलामीला उतरली, तीही जखमी प्रतिका रावलच्या जागी ऐनवेळी बोलावलेली. तिने ८७ धावा केल्या, वर दोन बळी घेतले. दीप्ती शर्माने पाच बळी टिपले आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारत ५२ धावांनी जिंकला. नंतर खेळाडूंनी करंडक माजी कर्णधार मिताली राज, झुलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हाती दिला. पुढचा माहितीपट काढणाऱ्याने सुरुवात या तिघींना बोलते करून करावी, आणि १९७३च्या पुण्यातल्या त्या स्पर्धेत खेळलेल्या बायकांनाही शोधून काढावे.