नाव गळालेले वादळ



आपल्या झरी जामणीपासून समुद्र चारशे किलोमीटरच्याही पलीकडे. मग तिकडच्या वादळाचे आपल्याला काय? २०२१ च्या सप्टेंबरात आम्ही हवामानाचे नादिक मोबाइलवर उपग्रहाची चित्रे पाहून ‘गुलाब’चा माग काढीत होतो. वारा ताशी ६२ किलोमीटरवर गेला की आपल्याकडे वादळाला नाव मिळते. २६ तारखेला ते आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याला लागले. समुद्राची वाफ तुटली, वारा पडला, नावही गळाले. खरे सांगतो, मी तेव्हाच चित्रे पाहणे सोडले. तिथेच चुकलो!

वारा सरला होता, ढगांतले पाणी नव्हे. तोच कमी दाब पैनगंगेपलीकडच्या तेलंगणावरून विदर्भ-मराठवाड्यात शिरला. २८ तारखेला आपल्याच जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यातल्या दहागावच्या नाल्याच्या पुरात एस. टी. वाहून गेली, माणसे दगावली. पुढे त्याचेच अवशेष अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ झाले आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर गेले!

तेव्हा गुरुजी, वादळ किनाऱ्याला लागल्यावरही फळ्यावरच्या नकाशात त्याची जागा रोज मांडीत जा. सोयाबीनची गंजी ताडपत्रीने झाकायला एक दिवस तर हाती लागतो. आणि नाल्यावरून पाणी वाहत असले, तर अलीकडेच थांबा.