जाहिरात मागताना, जाहिरात देताना
(भिलाई येथील कार्यकर्ता शिबिरात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



अधिवेशन आले की स्मरणिका आली, आणि स्मरणिका आली की जाहिराती आल्या. छपाईचा आणि मंडपाचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून निघत नाही. मग आम्ही दरपत्रक आणि पावतीपुस्तक घेऊन पॉवर हाऊस, सुपेला, दुर्गच्या बाजारात फिरतो. हे काम कसे करावे ते आम्हाला कोणी शिकवले नाही. चुकत चुकत शिकलो. त्यातल्या दोन चुका आज तुमच्यापुढे ठेवतो.

एका वर्षी आम्ही चौघे दिवाळीच्या तोंडावर एका कापडाच्या दुकानात शिरलो. गिऱ्हाइकांची गर्दी होती. तरी गल्ल्यासमोर उभे राहून आम्ही दरपत्रक पुढे केले. शेटजी म्हणाले, "भाऊ, यंदा नाही जमणार." आमच्यातला एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "लक्षात ठेवू." शेटजींनी मुकाट्याने पाव पानाचे पैसे काढून दिले. आम्ही पावती फाडली आणि बाहेर येऊन हसलो. साथींनो, ती जाहिरात नव्हती, खंडणी होती.

दुसरी चूक याहून मोठी. एका ठेकेदाराने न मागता पूर्ण पानाची जाहिरात दिली, वर चहा-नाश्ता दिला. आम्ही खूश. काही महिन्यांनी त्याच्याच कामावरचे मजूर थकलेल्या मजुरीची तक्रार घेऊन आमच्या कार्यालयात आले. आम्ही त्यांना "बघू" म्हणालो. ते "बघू" कोठून आले, हे आम्हाला ठाऊक होते. ज्या भिलाईत ठेकेदारी कामगारांसाठी लढणाऱ्या शंकर गुहा नियोगींचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी खून झाला, जेथे १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्टेशनवर कामगारांवर गोळीबार झाला, त्याच गावात एका पानासाठी आमची जीभ जड झाली. ही लाज आम्ही अजून विसरलो नाही.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. समोरच्याला "नाही" म्हणता आले पाहिजे, आणि म्हटल्यावर त्याचे काही बिघडता कामा नये. हेच खरे सौजन्य. ज्याचा माल, पार्सल किंवा बिल आपल्या हातून जाते, तो आपल्याला मोकळेपणाने "नाही" म्हणूच शकत नाही. म्हणून त्याच्याकडे जायचेच नाही. नियमही हेच सांगतो. रेल्वे सेवा (आचरण) नियम, १९६६ आणि टपाल बांधवांचे केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४, या दोहोंतला १२ वा नियम पूर्वपरवानगीवाचून निधी गोळा करण्यास मनाई करतो. तेव्हा परवानगीचे पत्र आधी, पावतीपुस्तक नंतर.

आता दुसरी बाजू. आपल्या दारीही वर्तमानपत्राचा, विम्याचा, केबलचा मुलगा येतो. त्याला टार्गेट असते, पगार थोडा आणि भिस्त कमिशनवर. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी संघटित झाले, झगडले, आणि १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी कायदा झाला. दारोदार फिरणाऱ्या या मुलांच्या पाठीशी मात्र बहुधा कोणीच नसते. आपण त्याला "उद्या ये" म्हणतो. उद्या परत "उद्या ये." दहा हेलपाटे घालायला लावून शेवटी नकार देणे हा त्याच्या रोजावर टाकलेला दरोडा आहे. घ्यायचे नसेल तर पहिल्याच दिवशी सांगावे, प्यायला पाणी द्यावे आणि त्याचा वेळ वाचवावा.

टपाल बांधवांना हे आमच्यापेक्षा जास्त कळेल. २००२ साली खात्याने पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेले मेघदूत पोस्टकार्ड २५ पैशांना काढले. म्हणजे खात्यानेही स्वतः जाहिरातीची जागा विकली. विम्याचे आणि बचत खात्यांचे टार्गेट तर पोस्टमनच्या थैलीत रोजच असते. रेल्वेही डब्यांवर आणि फलाटांवर जाहिरातीला जागा देते. म्हणजे आज आपण गिऱ्हाईक असलो तरी उद्या विक्रेते आहोत.

म्हणून आमच्या शाखेने पाळायचे ठरवले आहे ते असे. गर्दीच्या वेळी दुकानात जायचे नाही. दोघांपेक्षा जास्त जणांनी जायचे नाही. दर छापील, सर्वांना सारखा. मजकूर छापण्याआधी दाखवायचा, आणि अंक निघाला की प्रत स्वतः नेऊन द्यायची. पैसे घेऊन अंकच न पोचवणारे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. ज्याने नकार दिला त्यालाही हात जोडून नमस्कार करायचा.

त्या कापडाच्या दुकानात आम्ही पुढल्या वर्षी दोघेच गेलो, माफी मागितली आणि दरपत्रक खिशातच ठेवले. शेटजींनी बसायला स्टूल दिले. जाहिरात त्या वर्षी मिळाली नाही. पण निघताना ते म्हणाले, "येत जा." साथींनो, आमच्या हिशेबात ती जमाच आहे.

एवढे बोलून आम्ही थांबतो. कामगार एकजुटीचा विजय असो!