चिनी शिकायची कशासाठी?

‘म’ला काना दिला की ‘मा’. आपण तो कोणत्याही सुरात म्हणावा. चिनीत मात्र सूर बदलला की अर्थच बदलतो. एका सुरात ‘मा’ म्हणजे आई, दुसऱ्या सुरात घोडा, आणखी एका सुरात रागे भरणे! बाराखडी नाहीच, एकेक चिन्ह गिरवायचे. झाडाचे चिन्ह दोनदा काढले की राई, तीनदा काढले की रान. सगळीच चिन्हं इतकी सोपी नाहीत बरं का.

मग हा खटाटोप कशासाठी? रवींद्रनाथांनी १९३७ साली शांतिनिकेतनात चीन भवन उघडले आणि तान युन-शान या चिनी अध्यापकांच्या हाती दिले. तिथे भाषेबरोबर जुने बौद्ध ग्रंथही अभ्यासास होते. आपल्याकडे हरवलेले कित्येक ग्रंथ चिनी भाषांतरांतच उरले आहेत. ‘विमुत्तिमग्ग’ हा त्यांतलाच. पुण्याच्या पु. वि. बापटांनी चिनी भाषांतरावरून त्याची ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना केली, ती १९३७ सालीच छापली गेली.

१९६२ साली युद्ध झाले. अशा शेजाऱ्याची भाषा कशाला, असे पुष्कळांना वाटते. मला उलट वाटते. बांधाला बांध लागलेल्याशी कज्जा असेल, तर त्याचा कागद आपल्याला वाचता यायला नको? दुसऱ्याकडून वाचून घेतला, तर तो सांगेल तेच खरं! पण वर्गात नुसते सरकारी कागद नकोत. आठव्या शतकातला तू फू हा कवीही हवा. लढाईसाठी घराघरांतून ओढून नेलेल्या माणसांवर त्याने लिहिले आहे.