हातउसने म्हणून लिहून घेऊ नका
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शेतकी कॉलेजात मला मावा आणि तुडतुडे ओळखायला शिकवलं. सोसायटीची किर्द वाचायला मात्र कुणी शिकवलं नाही. ती मला एका गावानं शिकवली.

त्या गावात मार्चअखेर लोकांनी पीककर्जाचे पैसे सोसायटीच्या सचिवाच्या हाती दिले. "पावतीपुस्तक संपलंय, उद्या देतो," तो म्हणाला. जूनमध्ये नवं कर्ज मागायला गेले, तर सगळे थकबाकीदार! एका बाईनं शेळ्या विकून फेड केली होती. तिला बियाण्यासाठी सावकाराच्या दारात जावं लागलं.

गाव जमलं. सचिव पाया पडला. त्यानं स्टँपवर लिहून दिलं, "आपणाकडून इतके रुपये हातउसने घेतले, दिवाळीला देतो." दिवाळी आली आणि गेली. ठाण्यात गेलो तर फौजदार म्हणाले, "ही उसनवारी आहे. दिवाणी कोर्टात जा."

भावांनो, उसना दिलेला पैसा घेणाऱ्याचा होतो. तो बुडाला तर दिवाणी दावा. पण सोसायटीत भरायला म्हणून दिलेला पैसा सचिवाचा क्षणभरही नसतो. तो त्यानं स्वतःसाठी वापरला की फौजदारी गुन्हा होतो. १ जुलै २०२४ पासूनच्या अपहाराला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ लागतं, आधीच्याला दंड संहितेची ४०५ ते ४०९ ही कलमं. नोकरानं केला तर सात वर्षांपर्यंत कैद. आपण भोळेपणानं घेतलेल्या त्या कागदानं आरोपीला बचाव मिळाला आणि पोलिसांना सबब. लिहून घ्यायचंच असेल तर खरं ते घ्या: अमुक तारखेला, अमुक सभासदाचे, कर्जफेडीचे इतके रुपये मिळाले आणि ते सोसायटीत भरले नाहीत.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर ती लेखी, टपालानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथंही दाद लागली नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

पण सचिव तुरुंगात गेला म्हणून तुमचं खातं कोरं होत नाही. पैशासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० धरा.

पहिलं, कलम ३२. सोसायटीच्या दप्तरात तुमच्या व्यवहाराच्या ज्या नोंदी असतील, त्या फुकट बघण्याचा तुम्हाला हक्क आहे. फी भरून नक्कल मिळते. ती आधी हातात घ्या.

दुसरं, कलम ८३. एक पंचमांश सभासदांनी अर्ज केला तर निबंधक चौकशी लावू शकतात. म्हणून एकेकट्यानं जाऊ नका. चौकशीत किंवा लेखापरीक्षणात अपहार निघाला तर कलम ८८ खाली ती रक्कम व्याजासह वसूल करण्याचा हुकूम होतो. पण मागची पाच वर्षंच बघितली जातात, तेव्हा उशीर करू नका. तो जमीन बायकोच्या नावावर करायला निघाला असेल तर कलम ९५ प्रमाणे आधीच जप्ती मागा.

तिसरं, कलम ९१. सोसायटी म्हणाली, "पावती नाही, म्हणजे भरणा नाही," तर सहकार न्यायालयात जा. वसुलीचा अधिकार असलेल्या माणसाच्या हाती दिलेला पैसा सोसायटीलाच पोचला, ही आपली भूमिका. शेळ्या विकल्याचा कागद, बँकेतून काढलेली रक्कम, सोबतचे साक्षीदार, सगळं जपून ठेवा.

सरकारनं भाव पाडले की आपण रस्त्यावर येतो. आपल्याच गावच्या माणसानं खिसा कापला की "गावातलाच आहे" म्हणून गप्प बसतो. किंमत मोजते ती शेळ्या विकणारी बाई.

इथून गेल्यावर एवढं करा. आठ दिवसांत प्रत्येकानं आपला खातेउतारा मागायचा. आणि पावती हातात पडेपर्यंत नोट हातातून सोडायची नाही, समोर सख्खा भाऊ असला तरी!