टाउन हॉलच्या तीस पायऱ्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईच्या फोर्टमध्ये, हॉर्निमन सर्कलसमोर टाउन हॉल आहे. त्याच्या तीस पायऱ्या सिनेमावाल्यांनी इतक्यांदा दाखवल्या आहेत की, मुंबईला कधी न आलेल्या माणसालाही त्या ओळखीच्या वाटाव्यात. पण त्या चढून गेल्यावर आत काय आहे, हे मुंबईत जन्म काढलेल्या कित्येकांना ठाऊक नसतं. आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे.

सर जेम्स मॅकिन्टॉश हे मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळच्या गव्हर्नरच्या बंगल्यात त्यांनी काही मंडळी जमवून 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' काढली. काही डॉक्टरांनी त्याआधीच एक छोटं ग्रंथालय चालवलं होतं, ते सोसायटीकडे आलं आणि पुस्तकांची सुरुवात झाली. टाउन हॉलसाठी पैसा हवा म्हणून चक्क लॉटरी काढली गेली, ती पुरली नाही, आणि इमारत पुरी व्हायला १८३३ साल उजाडलं. दरम्यान सोसायटी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली होती.

हे सगळं साहेबांचं. एल्फिन्स्टनने दिलेली दान्तेच्या महाकाव्याची जुनी हस्तलिखित पोथी आजही सोसायटीचं भूषण मानली जाते. मुसोलिनीने ती मागितल्याची गोष्ट लोक रंगवून सांगतात. पाहुण्यांना हीच गोष्ट आधी ऐकवली जाते, याचं मला थोडं वाईट वाटतं. कारण या ग्रंथालयाची खरी गोष्ट दाराची आहे.

माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना सभासद व्हायचं होतं. त्यांना आधी नाकारण्यात आलं. अखेर १८४० मध्ये दार उघडलं, ते पहिले हिंदी सभासद झाले. मग आपली माणसं आली ती केवळ वाचायला नव्हे. डॉ. भाऊ दाजी लाड दवाखाना सांभाळून शिलालेख वाचत, त्यावर सोसायटीत निबंध वाचत. त्यांच्या नावाचा हस्तलिखितांचा संग्रह आज इथे आहे. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप खणला, तिथले अवशेष सोसायटीकडे आले. १८९२ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अध्यक्ष झाले. नाकारण्यापासून अध्यक्षपदापर्यंतचा हा प्रवास, आणि त्याला साठ वर्षंही लागली नाहीत. पुढे म. म. पां. वा. काणे यांनी वकिली करता करता धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड सिद्ध केले, त्यांत या ग्रंथालयाचा वाटा मोठा. दुर्गाबाई भागवतांनीही इथे बसून वर्षानुवर्षं वाचन केलं.

आता मला खटकणारी गोष्ट सांगतो. सोसायटीच्या निबंधांचा पहिला खंड १८१९ मध्ये छापला गेला. त्याची जुनी प्रत मी हाताळली आहे. पान उलटताना कागद वाकतो, मोडत नाही. याउलट, दुसऱ्या एका गावच्या वाचनालयात मी १८९० च्या सुमाराच्या एका मराठी साप्ताहिकाची फाइल उघडली, तर पानाचा कोपरा बिस्किटासारखा तुटून हातात आला. सत्तर वर्षांनी तरुण असलेला कागद आधी म्हातारा कसा झाला?

उत्तर सोपं आहे. जुना कागद चिंध्यांचा, म्हणजे सुताचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात आम्ल असतं, ते कागद आतूनच खातं. त्यात मुंबईची दमट, खारी हवा. म्हणजे पाहा, आपली माणसं दार ठोठावून आत आली, आपली वर्तमानपत्रं, मासिकं, पुस्तकं भराभर छापली जाऊ लागली, नेमका त्याच काळात कागद हलका झाला. साहेबांची पुस्तकं टिकली. आपण लिहिलेलं आधी जातं आहे. एशियाटिकच नव्हे, ठाण्यापासून नागपूरपर्यंत प्रत्येक जुन्या वाचनालयाची हीच कथा.

उपाय नाही असं नाही. पान आम्लमुक्त करून त्यावर पातळ टिश्यू कागद चिकटवतात. हे काम एकेका पानाचं, हातानं करायचं. यंत्रानं उरकत नाही, म्हणून खर्चिक. सोसायटीनं ग्रंथ दत्तक योजना काढली, 'ग्रंथसंजीवनी' नावानं कित्येक ग्रंथ संगणकावरही आणले. चित्र घेतलं की मजकूर वाचतो, हे खरं. पण चित्र घ्यायला पान आधी उघडावं लागतं, आणि काही फाइली आता उघडण्याच्याही पलीकडे गेल्या आहेत.

तुमच्या माळ्यावर आजोबांची मासिकं असतील. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून अक्षरं खातो. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट तर मुळीच करू नका, ते पुन्हा निघत नाही. सुती कापडात सैलसर गुंडाळा, भिंतीपासून दूर ठेवा, आणि रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी जवळच्या ग्रंथालयात एक फेरी मारा. त्यांच्याकडे नेमका तोच अंक नसण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून बरीच जास्त आहे.