थंडीचा सुगंध आणि मातीतले मूळ



कुंभकोणम् येथील मेलकावेरी ही कावेरीकाठची वस्ती. तेथील मार्गळी महिना, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ, वर्षात सर्वांत सुखद असतो. परंतु लोकरीची वस्त्रे ल्यावीत अशी थंडी तेथे पडत नाही. हिवाळ्याच्या सुगंधाचा विचार करताना हे स्थळ सहसा कोणास आठवणार नाही. तथापि, थंड देशांत त्या ऋतूत लाकडाच्या व ओल्या मातीच्या वासाचे जे गडद सुगंध आवडीने वापरले जातात, त्यांतील एका प्रमुख द्रव्याचे नाव तमिळ भाषेनेच जगाला दिले आहे. ते द्रव्य म्हणजे वेट्टिवेर, अर्थात खणून काढलेले मूळ. मराठीत त्यालाच वाळा म्हणतात. कुंभकोणम् हे तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातले शहर. तेव्हा ही दोन्ही नावे तेथे शेजारी नांदली असली पाहिजेत.

तमिळ घरांत काय किंवा मराठी घरांत काय, वाळ्याची जुडी पिण्याच्या पाण्यात टाकतात ती गारव्यासाठी. अत्तराचे शौकीनही उन्हाळ्यात वाळा आणि हिवाळ्यात हिना पसंत करतात. मग हेच मूळ परदेशी हिवाळ्यात कसे शोभते?

याचे उत्तर त्याच्या तेलात आहे. लिंबाच्या सालीतील हलकी द्रव्ये चटकन उडून जातात. वाळ्याचे तेल जड असते. ते निघण्यास भट्टी बराच काळ चालू ठेवावी लागते आणि ते उडतेही सावकाश. त्यामुळे सोबतचे हलके सुगंधही ते धरून ठेवते. उकाड्यात दाट वास नकोसे होतात. थंडीत मात्र जाड वस्त्रांत ते दिवसभर मंद दरवळत राहतात. १९५०च्या दशकात पॅरिसच्या कार्व्हेन व गेर्लाँ या पेढ्यांनी या मुळाच्याच नावाची सुगंधद्रव्ये बाजारात आणली.

परंतु या सुगंधाचे एक मोल कुपीवर लिहिलेले नसते. फूल खुडले तरी झाड राहते; वाळ्याचा सुगंध मात्र मुळात असल्याने तो मिळवण्यासाठी जमीन खणावीच लागते. ही मुळे सरळ खाली, कित्येकदा तीन मीटरपर्यंत जातात व माती घट्ट धरून ठेवतात. म्हणूनच कर्नाटकातील शेतकरी बांधावर वाळा लावीत आले. त्यांची ही रीत पाहून १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी मृद्‌संधारणासाठी तिचा पुरस्कार केला.

उलट हैती देशात, जेथून या तेलाचा मोठा पुरवठा होतो, गरजू शेतकरी पुष्कळदा मूळ पक्व होण्याआधीच ते उपटतात. अशा कोवळ्या मुळांतून तेल कमी व हिणकस निघते आणि उतारावरची मोकळी झालेली माती पावसाबरोबर वाहून जाते.

यावर उपाय अवघड नाही. मूळ पक्व होईपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष, थांबावे. उतारावर आडव्या ओळी राखून आलटूनपालटून खणावे. आणि कापलेल्या ठोंबांचे फुटवे लगेच पुन्हा लावावेत. मात्र इतका काळ थांबणे ज्याला परवडत नाही, त्याला पक्व मुळाचा रास्त भाव मिळाला पाहिजे. सुगंध विकत घेणाऱ्याने हे भान ठेवले, तर वाळा कुपीतही राहील आणि बांधावरही.