बँकेचे गहाण

सोने तारण ठेवून पैसे उचलणे कोकणातल्या आपल्या जिल्ह्याला नवे नाही. आंब्याच्या मोहोरावर फवारणी करायची तेव्हा हाती पैसा नसतो, फळाचे पैसे एप्रिल-मेमध्ये येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण जाळ्यांची दुरुस्ती आणि खलाशांची उचल थांबत नाही. मधली दरी घरातले दागिने भरून काढतात. हे दागिने ज्या बँकेच्या तिजोरीत जातात तिचीही हीच अडचण असते. ठेवीदार आज पैसे मागू शकतो, कर्जदार मात्र ते दहा वर्षांत फेडणार असतो. म्हणून बँकही आपल्याकडचे काहीतरी गहाण टाकते. बँक नफ्यात आहे का, हे आपण विचारतो. तिने काय गहाण टाकले आहे आणि उद्या टाकण्याजोगे काय उरले आहे, हे विचारत नाही. माझ्या मते बँक तरते की बुडते याचा निकाल पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नावर लागतो.

बँकेचे सोने म्हणजे सरकारी रोखे. ठेवींसारख्या देण्यांच्या १८ टक्क्यांइतकी रक्कम रोखे, रोकड वा सोने अशा स्वरूपात ठेवण्याचे बंधन आहे. त्याहून जास्तीचे रोखे रिझर्व्ह बँकेकडे रेपोने, म्हणजे परत घेण्याच्या बोलीवर, देऊन पैसे मिळतात. फारच ओढाताण झाली तर २०११ पासून असलेल्या सीमांत स्थायी सुविधेतून त्या १८ टक्क्यांतलाही थोडा भाग, चढ्या व्याजाने, वापरता येतो. लाखाच्या दागिन्यावर बँक लाख देत नाही, तसेच लाखाच्या रोख्यावर रिझर्व्ह बँकही पुरते लाख देत नाही. शिवाय व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचा भाव पडतो, म्हणजे नेमक्या अडचणीच्या वेळी तारण आटते. ओरोसला मुख्यालय असलेल्या आपल्या जिल्हा मध्यवर्ती बँकेसारख्या बँकांना तर रिझर्व्ह बँकेची रेपोची खिडकी थेट उघडी नाही. त्यांचा रस्ता राज्य सहकारी बँकेवरून नाबार्डकडे जातो.

आता पुरावा पाहू. ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. त्या बँकेकडे रोखे भरपूर होते. पण त्यांतले फार थोडे मध्यवर्ती बँकेकडे आधीपासून तारण म्हणून लावलेले होते, बाकीचे वेळेत तिकडे हलवता आले नाहीत. भाव पडल्याने विकावे तर तोटा, गहाण टाकावे तर वेळ नाही, अशी कोंडी झाली. १२ मार्चला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोख्यांच्या दर्शनी किमतीवर कर्ज देण्याची योजना जाहीर केली. आधीच बंद झालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेला त्या योजनेचा काहीच उपयोग नव्हता. आपल्याकडचे उदाहरण अगदी उलटे आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले. तिच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ती बनावट खात्यांआड लपवलेली होती. अशी कर्जे कोण गहाण घेणार? ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी प्रत्येकी एक हजार रुपये काढता येतील असे सांगण्यात आले. एकीकडे माल होता पण मांडून ठेवलेला नव्हता, दुसरीकडे मालच नव्हता. ठेवीदाराला खिडकीवर मिळालेले उत्तर मात्र सारखेच.

यावर कोकणातला माणूस एक रास्त तक्रार करील. आमच्या ठेवी सरकारी रोख्यांत घालायच्या म्हणजे कोकणचा पैसा दिल्लीला पाठवायचा. तोच बागायतीला आणि होड्यांना का देऊ नये? तक्रार खरी आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. पण स्थानिक कर्जावरही पैसा उभा राहतो. नाबार्डचे हंगामी पुनर्वित्त त्यासाठीच आहे. त्याच्यामागे रोखे किंवा शासनाची हमी असते, आणि हिशेबात धरले जाते ते थकीत नसलेले कर्जच. गावच्या विकास संस्थेच्या, म्हणजे सहकारी सोसायटीच्या, सभासदाने वेळेवर फेडलेले पीककर्ज म्हणजे जिल्हा बँकेला पुढच्या हंगामात उसने मिळवून देणारे आवरण. कर्जमाफीची वाट पाहत कोणी कर्ज थकवले की ते आवरण तेवढे फाटते. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीची चर्चा झाली तेव्हा हा पैलू क्वचितच कोणी काढला. दुसरी अडचण सातबाऱ्याची. आपल्याकडे एका गटाला वीस-पंचवीस सामाईक नावे, निम्मे वारस मुंबईत, काहींचा पत्ताच नाही. अशा जमिनीवर बोजा चढवायचा तर सह्या जमवता जमवता हंगाम निघून जातो, म्हणून बागायतदार पुन्हा दागिन्यांकडे वळतो. वाटप आणि वारसनोंद हे महसुलाचे रटाळ काम समजले जाते. कोकणात भांडवल उभे करायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.

दुसरा आक्षेप असा की विमा असताना ही चिंता कशाला. ठेव विमा आपल्याकडे आला तोच बुडीत बँकांमुळे: १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि १ जानेवारी १९६२ पासून दीड हजार रुपयांचे संरक्षण सुरू झाले. फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख आहे. लहान ठेवीदाराला ते पुरेल. विकास संस्थेची, देवस्थानाची किंवा पतसंस्थेची मोठी ठेव त्यात मावत नाही. आणि गहाणाची दुसरी बाजू इथेच पुढे येते. जे गहाण टाकले त्यावर पहिला हक्क उसने देणाऱ्याचा असतो. बँक बुडाली तर विम्यापलीकडच्या ठेवीदाराने उरलेल्यावर भागवायचे. म्हणून गहाण टाकण्याची तयारी जितकी जास्त तितके बरे, आणि प्रत्यक्ष टाकलेले गहाण जितके कमी तितके बरे. उसने घेतले म्हणजे बँक खचली, ही बाजारातली कुजबुज मात्र चुकीची आहे. रोख्यांवर एका रात्रीचे कर्ज धडधाकट बँकाही रोज घेतात.

सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. तुम्ही भागधारक असाल तर स्वतः, नसाल तर तुमच्या विकास संस्थेच्या प्रतिनिधीमार्फत, लाभांशाच्या आधी हे विचारा: बँकेचे किती रोखे मोकळे आहेत, किती गहाण आहेत, आणि कोणाकडे? उत्तर आकड्यांत मागा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.